महाकाय भोपळ्यावरचं छप्पर: एका सीझनचा अनुभव

महाकाय भोपळा लावायचा म्हटलं की सगळे बियाणं कुठलं, खत किती, पाणी किती यावरच बोलतात. त्यावर वाचायला ढीगभर आहे. पण फळ धरल्यावर पुढचे तीन महिने त्याला ऊन, वारा, पाऊस, थंडी आणि उंदीर या सगळ्यातून कसं न्यायचं हे मला सुरुवातीला तुकड्या-तुकड्यातच कळत होतं. कुणी म्हणे पांढरी चादर टाका, कुणी म्हणे काही टाकू नका पानांची सावली बास आहे, कुणी म्हणे सरळ तंबूच ठोका. यंदाचा सीझन संपला, काट्यावर वजन झालं, फॉर्मबिर्म भरून झाले, तर म्हटलं डोक्यात ताजं आहे तोवर क्रमाने लिहून टाकावं. पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी आहे हे, मुरलेल्या लोकांना यातलं बरंचसं माहिती असणार.

या भोपळ्यांचं शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मॅक्झिमा. स्पर्धेत उतरणारे जवळपास सगळे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत तयार केलेल्या ‘अटलांटिक जायंट’ वाणाच्या वंशातले. जगातले विक्रम म्हणाल तर २०२१ मध्ये इटलीत १२२६ किलोचा झाला, २०२३ मध्ये अमेरिकेत १२४७ चा, आणि २०२५ मध्ये ब्रिटनच्या इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा १२७८.८ किलोचा. माझं फळ यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास, हे आधीच सांगून टाकते. पण फळ ४०० किलोचं असो की १२०० चं, साल फाटायची भीती तीच असते आणि राखणही तीच.

आधीचा भाग पटकन उरकते. मार्चमध्ये माती परीक्षणाला नमुना दिला, रिपोर्ट यायला तीनेक आठवडे लागले. फॉर्मवर पिकाच्या रकान्यात ‘महाकाय भोपळा’ असं काही नसतं, भोपळावर्गीय भाजी असंच लिहावं लागतं, आणि मग शिफारस साध्या पिकाची येते हे लक्षात ठेवा. मला त्यातला सामूचा (पीएचचा) आकडा हवा होता, तो ६.५ ते ६.८ मध्ये असला की बरं. एप्रिलच्या मध्यावर बीच्या कडा पॉलिश पेपरने हलक्या घासून उबेत रुजत घातल्या, २९-३० अंशांत चार-पाच दिवसांत कोंब येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रोपं जमिनीत गेली, वर छोटं प्लास्टिकचं घर करून. (तारखा उत्तर गोलार्धाच्या धरा, दक्षिणेकडचे लोक सहा महिने सरकवून वाचतील.)

राखण खरं तर इथूनच सुरू होते, फळ नसतानाच. रोप चार-पाच पानांचं झालं की ते एका बाजूला लवंडतं आणि वेल धावायला लागतो, तेव्हा वारा आडवा आला तर वेल बुडाशी पिरगळून तुटतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूला कुंपण घातलं. पत्रा किंवा सलग ताडपत्री लावू नका, जाळीच लावा. सलग भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे भोवरे करतो, जाळीतून अर्धा गाळून येतो आणि शांत होतो. वेलाच्या टोकाजवळ बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या रोवल्या की वेल जागच्या जागी राहतो, आणि पुढे पेरांवर माती टाकत गेलं की तिथे मुळं फुटून वेल आपोआप घट्ट बसतो.

जूनच्या शेवटी मादी फुलं यायला लागली. मुख्य वेलावर बुंध्यापासून साधारण तीन-चार मीटरवरचं फूल धरायचं असं सगळे सांगतात, कारण तोवर मागे पुरेशी पानं झालेली असतात. २७ जूनच्या संध्याकाळी फूल दुसऱ्या दिवशी उमलणार हे दिसत होतं, कळीचं टोक पिवळं पडतं तेव्हा कळतं. त्याला पातळ कापडाची पिशवी बांधली, दोन-तीन नर फुलांनाही बांधली, म्हणजे मधमाशी दुसऱ्याच कुठल्या वेलाचे पराग आणून टाकणार नाही. सकाळी उजाडता उजाडता नर फुलांच्या पाकळ्या काढून आतला दांडा मादी फुलाच्या सगळ्या भागांवर नीट फिरवला आणि पिशवी परत बांधली. दुसऱ्या रोपाचं ३० जूनला केलं. ही तारीख लिहून ठेवाच, पुढचं सगळं गणित ‘परागीकरणाला किती दिवस झाले’ यावर चालतं.

आणि इथेच पहिली सावली लागते, फळ अजून लिंबाएवढंही नसताना. हवा साधारण ३२ अंशांच्या वर गेली की धरलेलं फळ पिवळं पडून गळण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे नेमकं त्याच आठवड्यात ऊन तापलं. मग थर्माकोलचा बिनबुडाचा खोका फळावर उपडा घातला, हवेला दोन बाजूंनी भोकं ठेवली, आत फळापासून चार बोटं लांब बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, वरून छत्री रोवली. दुपारी बाटल्या बदलायच्या. घरचे फ्रीजर उघडून म्हणायचे, यात आपल्यासाठी काही जागा आहे का नाही. आठवडाभर हे चाललं आणि फळ हिरवट-पिवळं, चकचकीत, रोज डोळ्याला दिसेल इतकं वाढायला लागलं, तेव्हा खोका काढला. त्या वयाच्या फळाला बोटं लावू नका, साल इतकी कोवळी असते की नखाचा ओरखडासुद्धा फळाबरोबर मोठा होत जातो. माझ्या फळावर शेवटपर्यंत एक तिरकी रेघ होती, ती पानाच्या काटेरी देठाची, वाऱ्याने घासून झालेली. म्हणून फळाला टेकणारी पानं आधीच बाजूला बांधायची किंवा अगदीच अडचण असेल तर ते एक पान काढायचं.

आता मुख्य विषय, सावली कशासाठी. मला आधी वाटायचं की भोपळ्याला ऊन ‘लागू नये’ म्हणून. पण फळ उन्हाने मरत बिरत नाही, प्रश्न सालीचा आहे. थेट ऊन पडलं की साल लवकर जून होते, कडक होते, रंग लवकर चढतो. आतून मात्र फळ फुगतच असतं, भराच्या दिवसांत, म्हणजे परागीकरणानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, मोठी फळं दिवसाला १५ ते २० किलो वजन घेतात. आतलं फुगतंय आणि वरची साल ताणली जात नाहीये, मग ती कुठेतरी फाटणार. सावलीतली साल जास्त दिवस मऊ, फिकट आणि लवचिक राहते. म्हणजे वजन पानं करतात, सावली फक्त ते वजन फुटू देत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, कारण पानांवर सावली पडता कामा नये हेही त्यातूनच येतं. मी काही लोकांच्या बागांचे फोटो पाहिलेत, भोपळ्यावर लग्नाच्या मांडवाएवढा तंबू आणि त्याखाली निम्मी पानं अंधारात. एवढ्यासाठी एवढी पानं पोसली का?

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मी साधी पांढरी सुती चादर वापरली, चार काठ्यांवर ताणून. कोरड्या दिवसांत झकास चालते, स्वस्त, ऊन परतवते, हवा जाऊ देते. पण पाऊस आला की भिजून जड होते, खाली झोळ येतो, झोळाचं पाणी नेमकं फळावर टेकतं आणि दोन दिवस वाळत नाही. ओलं कापड सालीला चिकटून राहणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. आमच्याकडे एक काका बरीच वर्षं हे भोपळे लावतात, त्यांना फोन केला तर म्हणाले, “अगं, कापड फळाला शिवताच कामा नये. वर छप्पर असू दे, पांघरूण नको. पांघरूण सप्टेंबरात.”

मग प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपची चौकट केली. पायांसाठी दोन मापांचे पाइप, एकात एक सरकणारे, मध्ये खिळीसाठी भोकं, म्हणजे फळ वाढेल तसं छप्पर वर घेता येतं. हे फार महत्त्वाचं, कारण जुलैत गुडघ्याएवढं असलेलं फळ ऑगस्टअखेर कमरेच्या वर येतं आणि तेव्हा चौकट मोडून नवी करायला वेलांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. वर दोन थर, खाली ५० टक्केवालं शेडनेट आणि त्याच्यावर वीतभर अंतर ठेवून पांढरं वॉटरप्रूफ कापड, एका बाजूला उतार देऊन. मधली हवा खेळती राहिली की वरचं कापड तापलं तरी खाली झळ येत नाही. काळं किंवा निळं प्लास्टिक नको, खाली भट्टी होते. आकार फळापेक्षा चहूबाजूंनी हातभर जास्त, त्याहून मोठा नाही.

एक गोष्ट मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती, ती म्हणजे छप्पर असलं तरी सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन खालून आत शिरतं. सकाळचं चालतं, कोवळं असतं. पण पश्चिमेचं दुपारी चारनंतरचं ऊन थेट फळाच्या पोटावर येत होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर होता घरात, सहज लावून पाहिला तर सावलीतली बाजू २९ अंश आणि ऊन खाणारी बाजू ४४. एकाच फळाच्या दोन बाजूंत एवढा फरक! त्याच दिवशी पश्चिमेला शेडनेटचा पडदा लटकवला, खालून वीतभर उघडा. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांनी हाताची मागची बाजू लावून बघावी, भोपळा उन्हाच्या बाजूला स्पष्ट गरम लागतो.

खर्चाचं लोक विचारतात म्हणून सांगते, आकडे जागोजागी वेगळे पण क्रम साधारण हाच राहील: सगळ्यात जास्त पैसे पाण्यात आणि शेवटच्या उचल-वाहतुकीत गेले, मग पाइप आणि कापडात, मग फळाखालच्या गादीत, आणि बियाणं-खत त्याच्याही खाली. चौकट आणि कापड नीट ठेवलं तर पुढची काही वर्षं तेच चालतं, त्यामुळे तिथे कंजुषी नको. चादरी जुन्याच वापरा.

गादीचं बोलले तर तेही सांगते. फळ टरबुजाएवढं व्हायच्या आधी त्याच्याखाली काय घालायचं ते घालून टाका, नंतर उचलता येत नाही. मी खाली मातीचा उंचवटा करून वर बारीक वाळूचा चार इंचांचा थर आणि त्यावर पेपर मिलमध्ये वापरतात ते जाड विणलेलं सिंथेटिक कापड घातलं. पाणी त्यातून निचरून जातं, फळाचं बूड कोरडं राहतं, आणि फळ फुगताना घासून अडत नाही, वाळूवरून सरकतं. काही लोक फोमचे बोर्ड घालतात पण त्याखाली उंदीर घर करतात असा काकांचा अनुभव, आणि उंदीर हा विषय पुढे येतोच आहे.

याच काळात अजून एक काम रोज थोडं थोडं करायचं असतं, देठाचा कोन. फळ धरतं तेव्हा देठ वेलाला अगदी चिकटून अरुंद कोनात असतो. फळ मोठं झालं की त्याचा खांदा वेलाला ढकलतो आणि एकतर देठ उचकटतो किंवा वेल तुटतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत फळ रोज एखाद-दोन बोटं फिरवत वेलाशी काटकोनात आणायचं. संध्याकाळी करा, सकाळी वेल पाण्याने भरलेला कडक असतो आणि कट्कन आवाज येतो, दिवसभराच्या उन्हाने तो जरा सैलावतो. आणि फळाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार फुटांपर्यंत वेलाखालची मुळं सोडवून ठेवायची, म्हणजे फळाबरोबर वेलही वर उचलला जातो.

देठावर बारीक चिरा पडतातच. पहिली दिसली तेव्हा माझी झोप उडाली होती. काकांनी फोटो मागवला आणि सांगितलं की देठाच्या चिरा कोरड्या ठेवल्या तर त्या भरून खडबडीत होतात, ओल्या राहिल्या तर सडतात. बास एवढंच सूत्र. मग बुरशीनाशक पावडर थोड्या पाण्यात कालवून ब्रशने लावली (हातमोजे घालून, लेबल वाचून), आणि देठावर दिवसभर छोटा टेबलफॅन चालू ठेवला. छपराच्या वॉटरप्रूफ कापडाचा खरा फायदा इथे कळला, पावसाचं पाणी देठाच्या खळग्यात साचत नाही. तुमच्या छपराचा उतार देठाच्या विरुद्ध दिशेला द्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला फळ जोरात होतं. टेपने तीन मापं घ्यायची, जमिनीला समांतर घेर, एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत, आणि देठापासून फुलाच्या टोकापर्यंत (देठासमोरचं टोक, जिथे फूल होतं ते) तसंच वरून. तिन्हींची बेरीज तक्त्यात पाहिली की अंदाजे वजन मिळतं. मी रोज संध्याकाळी एकाच वेळी मोजायचे. हे मोजणं हौसेचं नाही, राखणीचंच आहे, कारण वाढ एकदम वर उडाली किंवा एकदम थांबली की काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांआधी टेप सांगते.

१२ ऑगस्टला रात्री वादळ आलं. हवामान खात्याचा इशारा दुपारीच होता म्हणून वरचं वॉटरप्रूफ कापड काढून ठेवलं, फक्त शेडनेट ठेवलं, कारण वारा सलग कापडाला शिडासारखं उचलतो आणि मग चौकटीचे पाइप फळावरच आपटतात. पाय जमिनीत फूटभर लोखंडी सळ्यांवर बसवलेले होते, ते हलले नाहीत. गारांची भीती होती, त्यासाठी फळावर दोन जाड गोधड्या टाकल्या आणि त्यावर प्लास्टिक, तेवढ्या रात्रीपुरतं. पहाटे टॉर्च घेऊन गेलो आम्ही दोघं, पंधरा-वीस पानं फाटली होती, कडेचा एक वेल उलटा झाला होता, फळ शाबूत. गोधड्या तासाभरात काढल्या, वाळत घातल्या.

दुसऱ्या रोपाचं फळ मात्र गेलं. वादळानंतर चार दिवसांनी, बुडाजवळ फुलाच्या टोकाकडे आडवी चीर, बोट आत जाईल एवढी. आतून आंबूस वास. वर छप्पर होतं, देठ कोरडा होता, पण ते फळ त्या आठवड्यात फार जोरात पळत होतं आणि फुलाचं टोक मोठं, खोलगट होतं, तसली फळं तिथे फुटतात असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. पाणी आत-बाहेर करणारी भेग पडली की स्पर्धेपुरता विषय संपतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. दोन दिवस मी तिकडे फिरकलेच नाही, नवऱ्यानेच ते कापून कंपोस्टवर टाकलं. दोन रोपं लावा म्हणतात ते याचसाठी.

त्यानंतर पाण्याच्या बाबतीत मी जास्तच कडक झाले. भरातल्या वेलाला दिवसाला दोनशे ते चारशे लिटर पाणी लागतं, पण आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. दोन दिवस कोरडं आणि मग धो-धो, यात फळ फुटतं. ठिबकचा टायमर सकाळी आणि दुपारी थोडं थोडं असा लावला, पाऊस झाला की तेवढं कमी. लोक दूध पाजायचं सांगतात, वेलात वात घालून. त्या भ्रमाच्या भोपळ्याला मी हात लावला नाही, वेलाला जखम करून आत दूध सोडणं म्हणजे सड बोलावणं आहे.

उंदीर. फळाखाली उबदार, कोरडं, वर छप्पर, शेजारी खायला चारशे किलो भोपळा, त्यांनी का येऊ नये? ऑगस्टअखेर वाळूत एक बीळ दिसलं. विष टाकलं नाही, कारण आजूबाजूला मांजरं आणि घुबडं. गादीच्या कडेने बारीक जाळी मातीत वीतभर पुरली आणि चहूबाजूंनी सापळे लावले, रोज सकाळी आरसा आणि टॉर्च घेऊन फळाच्या बुडाची फेरी. आरसा ठेवाच एक, लांब दांड्याचा, गॅरेजमध्ये गाडीखाली बघायला वापरतात तसला. एका दाताच्या भोकाने सगळं वर्ष वाया जातं. बाकी मावा, भुंगेरे, पानांवर भुरी हे नेहमीचं, त्यावर लिहित बसत नाही, एवढंच की फवारणी करताना फळ कापडाने झाकून घ्यायची मला सवय लागली, डाग पडत नाहीत.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री १० अंशांवर आल्या आणि मग काकांचं ‘पांघरूण सप्टेंबरात’ चालू झालं. दिवसा सावली, रात्री गोधडी. कारण तेच, साल. दिवसा गरम आणि रात्री गारठलेली साल ताठरते, सकाळी ऊन आलं की आतून फुगवटा आणि मग चीर. शिवाय फळ उबदार राहिलं तर वाढ अजून काही दिवस चालू राहते. यात वेळ महत्त्वाची: गोधडी ऊन उतरल्या उतरल्या घालायची, फळ अजून गरम असताना, म्हणजे तीच ऊब आत राहते. रात्री नऊला आठवण झाली आणि थंड फळावर गोधडी घातली तर उपयोग कमी. सकाळी हवा तापली की काढायची, दवाने भिजली असेल तर दोरीवर टाकायची, म्हणून दोन जोड लागतात. देठ गोधडीखाली कोंडायचा नाही, त्याला मोकळी हवा. महिनाभर आमच्या संध्याकाळच्या सगळ्या बाहेरच्या कार्यक्रमांची वेळ भोपळ्याने ठरवली.

आता कागदपत्रं. बहुतेक मोठ्या वजनस्पर्धा ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या संघटनेच्या नियमांनी चालतात, त्याला जीपीसी म्हणतात. नोंदणी आधी करावी लागते, मी ऑगस्टमध्येच केली, फॉर्ममध्ये तुमचं नाव, फळाचा प्रकार, आणि बियाण्याची वंशावळ विचारतात, म्हणजे आई वेल कुठला आणि पराग कुठले. बियांची नावं वजन, उत्पादकाचं आडनाव आणि वर्ष अशी असतात, पाकिटावर असतं ते तसंच्या तसं उतरवा. एक फळ एकाच स्पर्धेत उतरवता येतं, इथे कमी भरलं म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरीकडे असं चालत नाही. फळ निरोगी आणि अभंग हवं, आतल्या पोकळीपर्यंत जाणारी भेग किंवा भोक नको, सड नको. तसं काही सापडलं तर वजन करतात पण फक्त प्रदर्शनाचं म्हणून, क्रमवारीत धरत नाहीत. भोपळ्याचा रंग मुख्यतः फिकट पिवळा ते केशरी असावा लागतो, हिरवं-राखाडी फळ वेगळ्या गटात जातं. सावलीत वाढवलेली फळं फिकट राहतात, मला त्याची उगीच काळजी लागली होती, पण फिकट पिवळा चालतो.

४ ऑक्टोबरला स्पर्धा होती, आदल्या दिवशी दुपारी फळ काढलं. वेल शेवटपर्यंत तोडायचा नाही, उचलायच्या तासभर आधी. तिवई, चेन-पुली आणि पट्ट्यांची रिंग भाड्याने मिळाली, पट्टे फळाच्या सगळ्यात रुंद भागाच्या खालून यायला हवेत. उचलताना फळाखाली कुणीही हात घालायचा नाही, हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. बूड वर आल्यावर पहिलं काम आरसा-टॉर्चने तपासणी. कापडाच्या विणीचा ठसा सोडून काहीच नव्हतं, कोरडं ठणठणीत. ट्रेलरमध्ये लाकडी पॅलेट, त्यावर तेच वाळूवरचं कापड आणि जुनी गादी, वर ओलसर चादर आणि ताडपत्री. प्रवासातही ऊन लागतंच.

तिथे रांग मोठी. आधी टेबलावर नोंदणी क्रमांक, मग वेल देठाच्या अगदी जवळ कापायला लावतात, मग तपासनीस येतात. ते देठाचा खळगा, फुलाचं टोक आणि बूड बघतात, चिरांमध्ये बोट फिरवून बघतात. माझ्या देठाजवळच्या जुन्या भरलेल्या चिरेवर ते बराच वेळ थांबले, पातळ काडी घालून खोली पाहिली, दुसऱ्याला बोलावलं, आणि मग ‘पास’ची खूण केली. तोवर आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. वजन ४१२ किलो. तक्त्याचा अंदाज ४२५ चा होता, म्हणजे किंचित हलकं भरलं, तसं काही फळांचं होतं, भिंत किती जाड हे बाहेरून कळत नाही. यादीत मधल्या कुठेतरी नंबर आला. पावतीवर सही करून घ्या आणि वजनाचा कागद तिथेच फोटो काढून ठेवा, पुढे बिया कुणाला दिल्या तर तोच पुरावा.

फळ दोन आठवडे प्रदर्शनात राहिलं, मग कापलं. बिया धुऊन, चाळणीवर पसरून पंख्याखाली आठवडाभर वाळवल्या, पाकिटावर वजन-आडनाव-वर्ष लिहिलं. काकांना पाच दिल्या. कापडं आणि गोधड्या ब्लीचच्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवूनच घडी घाला, नाहीतर यंदाची बुरशी पुढच्या वर्षीच्या फळावर तुम्हीच नेऊन घालाल. पाइपांच्या भोकांवर मी मार्करने आकडे टाकून ठेवलेत, कुठल्या आठवड्यात छप्पर किती उंच होतं ते. आणि वाळू बदलणार आहे, त्या बिळानंतर तिच्यावर माझा विश्वास नाही.